खोबणीतलं हाड फुगतं तेव्हा

खानापूर-निपाणीकडं एखाद्या पोराच्या भुवईवरचं हाड पुढं आलेलं दिसलं, की पहिला प्रश्न ठरलेला, 'पडलेलास काय रे कुठं?' पोर पडलेलं नसतं. दुखतही नसतं. जुने फोटो काढून बघितले तर तो डोळा हळूहळू पुढं आणि खाली सरकत आलेला दिसतो. अशा वेळी डॉक्टरांच्या मनात एक नाव येतं, फायब्रस डिस्प्लेशिया.

हा कर्करोग नव्हे. गर्भात पेशी वाढू लागल्यावर एखाद्या पेशीतल्या जीएनएएस जनुकात बदल होतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशींतच तो उतरतो. म्हणून तो आईबापांकडून येत नाही, पुढच्या पिढीतही जात नाही. ग्रहणात आईनं विळी धरली म्हणून खापर फोडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. बदललेल्या जनुकामुळं हाड बांधणाऱ्या पेशी नीट पक्व होत नाहीत. घट्ट हाडाच्या जागी तंतुमय ऊती आणि कच्चं हाड भरतं. सीटी स्कॅनवर तो भाग घासलेल्या काचेसारखा धूसर दिसतो. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील किंवा मुलगी फार लवकर वयात आली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. मग संप्रेरकांचीही तपासणी लागते.

खरी भीती दृष्टीची. डोळ्याची नस डोळ्यामागच्या स्फेनॉइड नावाच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून मेंदूकडं जाते. स्कॅनमध्ये बोगदा आवळलेला दिसला की घरचे हादरतात, 'ऑपरेशन करून मोकळं करा' म्हणतात. पण नस चहूबाजूंनी वेढलेली असूनही अनेकांची नजर वर्षानुवर्षं शाबूत राहते, आणि नजर चांगली असताना केलेल्या ऑपरेशननंच ती जाऊ शकते. त्यामुळं आता नियमित तपासणीवर भर असतो : रंग ओळखणं, बाजूचं दिसणं, नसेची जाडी. वयात आल्यावर वाढ बहुधा मंदावते. चेहरा फार वाकडा होत असेल तर हाड तासता येतं, पण ते पुन्हा वाढू शकतं. रेडिएशन मात्र टाळतात, त्यानं कर्करोगाचा धोका वाढतो.

आपल्याकडं एक स्कॅन बेळगावला, पुढचा मिरजेला किंवा हुबळीला होतो आणि आधीची सीडी घरात कुठंतरी हरवते. या आजारात निदानाइतकीच तुलना मोलाची, तेव्हा प्रत्येक सीडी जपून ठेवा. आणि नजर एकाएकी अंधुक झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. हाडात रक्तानं भरलेली पोकळी झपाट्यानं फुगून नस दाबत असू शकते. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.