डायनॅमो लावला की ई-सायकल चार्ज करावी लागत नाही?

घरी ई-सायकल बांधणाऱ्यांना हमखास येणारा फॉरवर्ड: 'चाकाला डायनॅमो लावा, बॅटरी चालता चालता भरत राहील.' वाटणं साहजिक आहे, चाक तर फिरतंच आहे.

पण ते फिरवतंय कोण? बॅटरीच. डायनॅमो वीज देऊ लागला की चाकाला विरोध करतो. तो विरोध मोडायला मोटर बॅटरीतून जास्त वीज ओढते. वाटेत घर्षण आणि उष्णता आपला वाटा घेतातच, म्हणून परत येणारी वीज नेहमी गेलेल्यापेक्षा कमी. शिवाय जुन्या सायकलचा बाटली-डायनॅमो साधारण ३ वॅटचा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. ती भरायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, १२० तास!

पडताळा सोपा आहे. बॅटरी आणि कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) यांच्यामध्ये वॅटमीटर जोडा, मागचं चाक स्टँडवर उचलून मोटर चालवा. आता दिवा जोडलेला डायनॅमो टायरला टेकवा. दिवा जेवढे वॅट खातो, त्याहून जास्त आकडा मीटरवर वाढलेला दिसेल.

या समजुतीत सत्याचा अंश आहे तो ब्रेकिंगचा. उतारावर किंवा थांबताना वाया जाणारी गती काही मोटरी विजेत बदलतात. त्यासाठी गिअर नसलेली हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) आणि तशी सोय असलेला कंट्रोलर लागतो. गिअरवाल्या हब मोटरीत बहुधा आत फ्रीव्हील असतं, म्हणजे मोटर चाकाला फिरवते, पण चाक मोटरला फिरवत नाही. उतारावर चाक फिरतं, मोटर फिरतच नाही. आणि सपाट रस्त्यावर परत मिळण्यासारखं फारसं काही नसतंच.