डेटा रिकव्हरी : हरवलेली पार्टिशने आणि फायली

हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड यांवरचा, कार्यप्रणालीला दिसेनासा झालेला मजकूर परत मिळवण्याची क्रिया. पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र ड्राइव्ह म्हणून दिसणारा भाग) नाहीसे होणे, ड्राइव्ह उघडताना ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना येणे, फाइल चुकून डिलीट होणे यांत बिघाड बहुतेकदा काय कोठे आहे हे सांगणाऱ्या नोंदींचा असतो. मजकूर जागच्या जागी असतो आणि त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो तसाच राहतो. या लेखात मुख्यतः चुंबकीय डिस्कचा विचार केला आहे.

पार्टिशन तक्ता : मार्च १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी हा संगणक आणि पीसी-डॉस २.० ही कार्यप्रणाली आणली. तेव्हापासून एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) पद्धत रूढ झाली. डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवर एका वेळी वाचला-लिहिला जाणारा लहानात लहान भाग) ४४६ बाइट सोडून प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी असतात आणि अखेरीस ‘५५ एए’ ही षोडशमान (१६ अंकांच्या पद्धतीतील) खूण असते. नोंदीतील पाचवा बाइट पार्टिशनचा प्रकार सांगतो (०७ बहुधा एनटीएफएस, ०सी फॅट३२, या दोन्ही विंडोजमधील फायली मांडण्याच्या पद्धती; ८३ लिनक्स). शेवटच्या आठ बाइटांत आरंभीचा सेक्टर आणि एकूण सेक्टर असतात. हे ६४ बाइट बिघडले की भरलेली डिस्कही कोरी दिसते.

तक्ता पुन्हा उभा करता येतो, कारण तीच माहिती इतरत्रही असते. एनटीएफएस व फॅट पार्टिशनच्या आरंभी बूट सेक्टर असतो व त्यात त्या पार्टिशनचा आकार लिहिलेला असतो. त्याची प्रत एनटीएफएसमध्ये पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरवर, तर फॅट३२मध्ये सहसा सहाव्या सेक्टरवर ठेवतात. लिनक्सच्या एक्स्ट या फाइल-पद्धतींच्या कुळात हे काम सुपरब्लॉक करतो. पार्टिशनच्या आरंभापासून १,०२४ बाइटांवर तो सुरू होतो आणि त्याच्या प्रती पुढे विखुरलेल्या असतात. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी १९९८ पासून विकसित केलेला टेस्टडिस्क हा मुक्त प्रोग्राम अशाच खुणा शोधत डिस्क चाळतो. जुन्या विंडोजमध्ये पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून, तर व्हिस्टापासून पुढे सहसा २,०४८व्या सेक्टरपासून सुरू होते, त्यामुळे हाताने शोधणाऱ्यानेही आधी ही दोन ठिकाणे पाहावीत. नंतरच्या जीपीटी (जीयूआयडी पार्टिशन टेबल) पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

‘ई५’ची खूण : फॅट पद्धतीत फाइल डिलीट केली की निर्देशिकेतील (फोल्डरमधील फायलींच्या यादीतील) तिच्या नोंदीचा पहिला बाइट बदलून षोडशमान ‘ई५’ होतो आणि फॅट तक्त्यातील तिच्या क्लस्टरांची (सेक्टरांच्या गटांची) साखळी शून्य केली जाते, आरंभीचा क्लस्टर व आकार यांची नोंद सहसा टिकते. हाच अंक का निवडला, याविषयी एकमत नाही. फॅटची मूळ रचना मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकसाठी केली, असे सामान्यतः मानतात (काही वृत्तांत बिल गेट्स यांना अधिक श्रेय देतात). ‘ई५’ मात्र तेथून आलेला दिसत नाही. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ८६-डॉस (एमएस-डॉसची पूर्वज कार्यप्रणाली) लिहिताना ही खूण गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या कार्यप्रणालीतून घेतली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सीपी/एमच्या काळातील आठ इंची फ्लॉपी कारखान्यातूनच ‘ई५’ने भरून येत. त्यामुळे ‘ई५’ म्हणजे रिकामी नोंद असे ठरवले की नवी फ्लॉपी वेगळी तयार न करता वापरता येई. १११००१०१ ही अंकरचना माध्यमाच्या चाचणीस सोयीची होती, हे स्पष्टीकरण कारखान्याच्या निवडीचे आहे, किल्डॉल यांच्या निवडीचे नव्हे. अनेक लेखनांत या दोन गोष्टींची गल्लत होते. पुढे जपानी लिपीत ‘ई५’ने सुरू होणारी खरीखुरी नावे आढळू लागल्याने तेथे ‘०५’ लिहिण्याची सोय करावी लागली.

या खुणेपायी नावाचे पहिले अक्षर जाते. म्हणूनच १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मधील ‘अनडिलीट’ ही आज्ञा ते अक्षर वापरणाऱ्यालाच विचारत असे. लांब नावांच्या नोंदींत मात्र पहिला बाइट केवळ क्रमांकाचा असतो, त्यामुळे तो गेला तरी पूर्ण नाव वाचता येते. पेनड्राइव्हवरून डिलीट झालेल्या फायलींची देवनागरी नावे अनेकदा धड सापडतात ती यामुळे.

एनटीएफएसमध्ये फाइलीची नोंद सहसा १,०२४ बाइटची असून डिलीट करताना ‘वापरात’ ही खूण काढली जाते. एक्स्ट३मध्ये ब्लॉकांचे (मजकुराच्या तुकड्यांचे) पत्तेच पुसले जातात व पुनर्प्राप्ती अवघड होते.

कार्व्हिंग : निर्देशिकाच उरली नसेल तर फाइल तिच्या अंतर्गत खुणांवरून शोधतात. जेपेग चित्र ‘एफएफ डी८’ने सुरू होते व ‘एफएफ डी९’ने संपते. नाव, तारीख आणि फोल्डर हाती लागत नाहीत. फाइल तुकड्यांत विखुरलेली असेल तर ही पद्धत अडखळते. सिमसन गारफिंकल यांनी जुन्या डिस्कांची पाहणी करून २००७ मध्ये दाखवले, की जेपेग फायलींपैकी सुमारे १६ टक्के, तर आउटलुकच्या टपालफायलींपैकी सुमारे ५८ टक्के तुकड्यांत होत्या. २००३ मध्ये कोसळलेल्या कोलंबिया या अमेरिकी अंतराळयानातील होरपळलेल्या डिस्कवरून एका प्रयोगाची सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली. तेथील यंत्रणा डॉसवर चालत असल्याने मजकूर फारसा विखुरलेला नव्हता, याचा त्यात मोठा वाटा होता.

वर लिहिलेल्या मजकुराखालचा जुना मजकूर वाचता येतो का, हा वाद पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधापासून चालू आहे. त्यांनी सुचवलेले ३५ फेऱ्यांचे पुसणे जुन्या संकेतन पद्धतींसाठी होते, हे त्यांनीच पुढे स्पष्ट केले. क्रेग राइट व सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगांनंतर आधुनिक डिस्कवर एकदा लिहिणे पुरेसे आहे, हा पक्ष बळकट ठरतो. त्यामुळे रिकव्हरीतील सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे बिघडलेल्या डिस्कवर काहीही लिहू नये. विंडोजची फॉरमॅटची सूचना नाकारावी, चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवू नये आणि रिकव्हरीचा प्रोग्रामही त्याच डिस्कवर टाकू नये. प्रथम जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने डिस्कची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. तो चांगले भाग आधी उचलतो, खराब भागांची नोंद ठेवतो आणि मग त्यांच्याकडे वळतो. डिस्क टकटक वाजत असेल तर प्रतही घेत बसू नये. वीज बंद करून डिस्क रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यावी.

एसएसडीत (चिपांवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये) नको असलेले भाग मोकळे समजण्यास सांगणाऱ्या ट्रिम आज्ञेमुळे (विंडोजमध्ये २००९ पासून) डिलीट झालेला मजकूर थोड्याच वेळात वाचण्यापलीकडे जातो.

मराठी मजकूर : यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरी अक्षरे ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ने सुरू होतात, त्यामुळे साध्या मजकुराच्या फायलींचे तुकडे कच्च्या डिस्कवरही ओळखू येतात. डीटीपीच्या जुन्या फायलींत हे चालत नाही. श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी योगेशसारख्या फॉण्टांत टाइप केलेला मजकूर डिस्कवर रोमन अक्षरे व चिन्हांच्या रूपात असतो आणि त्यात, उदाहरणार्थ, ‘पावती’ हा शब्द युनिकोडमध्ये शोधून सापडत नाही. अशा वेळी त्याच फॉण्टात शब्द टाइप करून त्याचे बाइट शोधावे लागतात. कोणता फॉण्ट वापरला होता हे माहीत नसेल, तर त्याच संगणकाच्या फॉण्ट फोल्डरची यादी आधी काढावी.