विद्यापीठ बदल आणि श्रेयांक हस्तांतरण

पदवीचे शिक्षण अर्धवट असताना एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणे आणि तोवर मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) नव्या ठिकाणी जमेस धरून घेणे म्हणजे श्रेयांक हस्तांतरण. यात दोन वेगळे निर्णय असतात. जागा रिकामी आहे की नाही हे महाविद्यालय पाहते; आधीचा अभ्यास समकक्ष आहे की नाही हे विद्यापीठ ठरवते. ‘प्रवेश झाला म्हणजे क्रेडिट आलेच’ असे धरून चालणाऱ्या विद्यार्थ्याला तिसऱ्या सत्राच्या मध्यावर कळते की पहिल्या वर्षातले दोन विषय पुन्हा द्यायचे आहेत.

महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांची रचना २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत व पदव्युत्तर वर्गांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. तासिकेच्या विषयात १ श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रात्यक्षिकात ३० तास. एका सत्राला २० ते २२ श्रेयांक, म्हणजे वर्षाला ४० ते ४४. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. ही मोकळीकच पहिली अडचण ठरते. ४० श्रेयांकांचे पहिले वर्ष पूर्ण करून आलेला विद्यार्थी ४४ श्रेयांकांच्या विद्यापीठात गेला, तर चार श्रेयांकांची तूट त्याला पुढच्या सत्रांत भरून काढावी लागते.

श्रेयांकांची नोंद राहते ती अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी), म्हणजे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने तिचे विनियम जुलै २०२१ मध्ये काढले. डिजिलॉकरमधून १२ अंकी एबीसी क्रमांक मिळतो, त्यालाच आता ‘अपार’ या विद्यार्थ्याच्या कायम ओळख क्रमांकाची जोड आहे. खाते विद्यार्थ्याचे असले तरी त्यात भर घालण्याचा अधिकार फक्त शिक्षणसंस्थेला आहे. गुणपत्रिकेचा फोटो काढून स्वतः श्रेयांक चढवता येत नाहीत. जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात आणि जी संस्था पदवी देणार, तिथे किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. त्यामुळे शेवटच्या वर्षाला विद्यापीठ बदलून नव्या विद्यापीठाची पदवी घेण्याचा बेत सहसा या अटीवरच अडतो. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण संकेतस्थळावरचे अभ्यासक्रमही या खात्यात येतात, एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात, पण संस्थेने ते आधी मान्य केलेले असले पाहिजेत.

खाते रिकामे दिसण्याचे सर्वांत साधे कारण नावात असते. आधारवर ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ असा क्रम असतो, तर आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव असते. शाळेच्या दाखल्यात एखादे अक्षर वेगळे असले की नोंदी जुळत नाहीत आणि श्रेयांक खात्यात चढत नाहीत. दुसरे कारण राखीव निकाल: शुल्क थकले, पात्रता अर्ज अपुरा राहिला किंवा एखाद्या विषयाचे अंतर्गत गुण पोचले नाहीत, की निकालच अडकतो. दोन्ही दुरुस्त्या जुन्या महाविद्यालयातूनच होतात, आणि विद्यार्थी तिथून बाहेर पडला की त्या फार रेंगाळतात. म्हणून त्या महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढण्यापूर्वी उरकाव्यात.

बँकेत श्रेयांक आहेत एवढ्याने ते नव्या विद्यापीठावर बंधनकारक होत नाहीत. समकक्षता ठरते ती विषयानुसार. त्या त्या विषयाचे अभ्यास मंडळ दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून घटक, तास आणि श्रेयांक ताडून पाहते. यासाठी अर्जाला केवळ गुणपत्रिका जोडून भागत नाही. ज्या वर्षी विषय शिकला त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी द्यावा लागतो. मुख्य विषयाचे पेपर बहुतेक जुळतात. अडते ते ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचे ऐच्छिक विषय), कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली अशा गटांत, कारण तिथे प्रत्येक विद्यापीठाची विषयांची यादी वेगळी. चार श्रेयांकांच्या विषयापुढे जुना विषय तीन श्रेयांकांचा असेल, तर मंडळ तो पूर्ण नाकारते किंवा पूरक पेपर लावते. नापास विषयाला श्रेयांक नसतात, आणि जुन्या विद्यापीठाची एटीकेटी (नापास विषय बाकी ठेवून पुढच्या वर्गात जाण्याची सवलत) नवे विद्यापीठ घेत नाही. एटीकेटी सुटेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

श्रेणींचे गणित याहून नाजूक आहे. दहापैकी अंक देण्याच्या पद्धतीत ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, ‘पी’ ४. अक्षरे सारखी असली तरी त्यांमागचे गुण सारखे नसतात: कुठे ८० गुणांना ‘ओ’ मिळते, कुठे ९० लागतात. समजा, पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक ६.५० सरासरीने आणि नव्या विद्यापीठातले ८८ श्रेयांक ८.२० सरासरीने मिळाले. दोन्ही धरले तर (४४ × ६.५० + ८८ × ८.२०) ÷ १३२ म्हणजे ७.६३ सीजीपीए (सर्व सत्रांची एकत्रित श्रेणी सरासरी) येतो. जुने श्रेयांक मान्य करून श्रेणी मात्र वगळली, तर ८.२०. नियम कोणता हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. टक्केवारीतही एकवाक्यता नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्राने (सीजीपीए वजा ०.७५, गुणिले १०) हेच ७.६३ म्हणजे ६८.८ टक्के होतात. नुसते दहाने गुणणाऱ्या विद्यापीठात ७६.३. नोकरीच्या अर्जात पदवी देणाऱ्या विद्यापीठाचेच सूत्र लावायचे.

कागदपत्रांचा क्रम चुकला तर वर्ष वाया जाते. आधी नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून समकक्षतेचे पत्र मिळवायचे, मग जुन्या महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, त्यानंतर महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि शेवटी जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र (मायग्रेशन). दाखला काढला की जुना प्रवेश संपतो. म्हणून तो आधी काढू नये. सुरुवातीला प्रवेश तात्पुरत्या पात्रतेवर होतो आणि मूळ मायग्रेशन मुदतीत जमा केल्यावरच कायम होतो. प्रवेश बहुधा तिसऱ्या किंवा पाचव्या सत्राला मिळतो, वर्षाच्या मधल्या सत्राला नाही. महाविद्यालयाने मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. अडवणूक झाल्यास अर्जात त्याचा उल्लेख करावा.

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणे हा वेगळा मार्ग आहे. त्यासाठी ४ श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. परतायचे असेल तर तीन वर्षांच्या आत. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळणारा प्रवेश हाही विद्यापीठ बदल नव्हे. विधी शाखेत दुसरी पदवी हाती आहे म्हणून वरच्या वर्षात प्रवेश मिळत नाही.

परदेशी जाताना हिशेब बदलतो. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे श्रेयांक घेतात, पण जुनी श्रेणी आपल्या सरासरीत मिसळत नाहीत. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिथली सामायिक श्रेयांक पद्धत) श्रेयांक असतात, त्यामुळे आपले ४४ तिथे तसेच्या तसे मोजले जात नाहीत. जर्मनीत सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करून, कमाल आणि उत्तीर्णतेतल्या फरकाने भागून, तीनने गुणून १ मिळवायचा. ७.६३ सीजीपीए आणि उत्तीर्णतेला ४ धरले तर उत्तर २.२ येते; तिथे १ हा सर्वोत्तम आणि ४ हा काठावरचा अंक असतो.