भिंतीतला संगणक आणि ‘किमान हस्तक्षेप’

मुलं आणि संगणक यांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती फिरून फिरून दिल्लीतल्या कालकाजीच्या एका भिंतीपाशी येते. २६ जानेवारी १९९९ रोजी एका संगणक-प्रशिक्षण कंपनीच्या आवाराच्या भिंतीला भगदाड पाडून त्यात इंटरनेट असलेला संगणक बसवला गेला. अलीकडे ऑफिस, पलीकडे झोपडवस्ती. प्रयोग करणारा संशोधक त्याच कंपनीत होता. त्याने पोरांना काही शिकवलं नाही, कॅमेरा लावून पाहत राहिला. आठेक तासांत एक मुलगा आपल्याहून लहान मुलीला वेबपानं कशी उघडायची ते दाखवत होता. पडद्यावरच्या बाणाला पोरांनी नाव दिलं ‘सुई’, आणि थांबा सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. ही दोन नावं मला अख्ख्या प्रयोगातला सर्वात बोलका पुरावा वाटतात. इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलांनी आपल्या घरातले, देव्हाऱ्यातले शब्द काढून ते यंत्र आपलंसं केलं होतं.

याआधीचं थोडक्यात. मुलांसाठीची ‘लोगो’ ही संगणकभाषा अमेरिकेत १९६७ साली आली. मूल यंत्राला शिकवता शिकवता स्वतः शिकतं, हा विचार तिथला. भारतात १९८४ पासून सरकारी योजनेतून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. बहुतेक ठिकाणी ते कुलूपबंद खोलीतच राहिले.

आता घोळाच्या शब्दाकडे. कालकाजीच्या पद्धतीला जे इंग्रजी नाव मिळालं ते शस्त्रक्रियेतून उचललेलं होतं. लहानसा छेद घेऊन, शरीराला कमीत कमी धक्का लावून केलेल्या शस्त्रक्रियेला जे विशेषण लावतात, तेच इथे शिक्षणाला लावलं गेलं. मराठीत आपण त्याला ‘किमान हस्तक्षेपाचं शिक्षण’ म्हणू. किमान म्हणजे कमी, शून्य नव्हे. छेद लहान असला तरी सर्जन टेबलापाशी उभाच असतो. पण व्याख्यानांतून, बातम्यांतून ‘किमान’ गळून पडलं आणि ‘शिक्षकाशिवाय’ हा शब्द बसला. मग धोरण ठरवणाऱ्यांना तो स्वस्तही वाटला. या पद्धतीवरून वाद पेटला तो या एका सरकण्यामुळे, आणि शिक्षकाला वगळून चालणार नाही हे विरोधकांचं म्हणणं माझ्या मते रास्त होतं.

२००० साली दिल्ली सरकारने हीच कल्पना गरीब वस्तीत नेली. भिंतीतून डोकावणारे पडदे, माउस-कीबोर्डऐवजी जॉयस्टिक आणि बटणं. तिथे जाऊन पाहणाऱ्या एका परदेशी अभ्यासकाने जे नोंदवलं ते साधं आहे: इंटरनेट क्वचितच चाले, हिंदीत काही नव्हतं, मुलं चित्रं रंगवत किंवा खेळ खेळत. काही पालकांना पोरांच्या अभ्यासाची काळजी वाटत होती. पुढे उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबागला गेलेल्या दुसऱ्या अभ्यासकाला मागे उरलेली बंद केंद्रंच दिसली. दरम्यान आपल्या सिंधुदुर्गातल्या गावांतही असे संगणक बसले होते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तमिळनाडूतल्या कलिकुप्पमचा प्रयोग. तमिळ बोलणाऱ्या मुलांसमोर इंग्रजीतलं जैवतंत्रज्ञान ठेवलं. मुलांची स्वतःच्या बळावर जवळजवळ शून्यावरून सुमारे ३० टक्के गुणांपर्यंत मजल गेली, आणि तिथे गाडी अडली. मग विषयाचं काहीही न कळणाऱ्या, पण मुलांच्या ओळखीच्या एका तरुणीला त्यांच्या मागे उभं राहायला सांगितलं. काम एवढंच, आजीसारखं कौतुक करायचं: ‘अरे वा, हे कसं केलंस?’ गुण ५० च्या घरात गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच कालकाजीच्या त्याच संशोधकाने ‘मर्यादा’ हा शब्द घातला होता. २०१३ साली त्याला १० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, तेव्हा गाजावाजा भिंतीचा झाला, त्या तरुणीचा फारसा नाही.

मुलागणिक एक लॅपटॉप देण्याची जागतिक योजना २००६ साली केंद्राने शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली. तरी २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट या छोट्या गावात २२ लॅपटॉप आले. ते मुलांच्या हाती पडले, पण शाळेच्या चौकटीत, गुरुजींच्या देखरेखीखाली.

अलीकडचा काळ सर्वांनी अंगावर घेतलेला आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत धडे व्हॉट्सअपवर येऊ लागले. हस्तक्षेप खरोखर किमान झाला होता. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. संध्याकाळी तो हाती येई तेव्हा चौथीतल्या मुलीला कोड स्कॅन करता यायचा. व्हिडिओ पाहून झाल्यावर ‘काय कळलं, सांग बरं’ असं विचारणारं मात्र जवळ कोणी नसे.