मांजराचं जागा सोडून मुतणं

पाळलेलं मांजर लिटर ट्रे (म्हणजे मांजरानं लघवी-शी करावी म्हणून वाळूसारखं लिटर घालून घरात ठेवलेला ट्रे) किंवा रोजची ठरलेली जागा सोडून गादीवर, पायपुसण्यावर, धुवायच्या कपड्यांच्या ढिगात नाहीतर तांदळाच्या पोत्यावर लघवी करायला लागतं, तो हा त्रास. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात पावसाळ्यात याची तक्रार जास्त ऐकू येते आणि त्याचं कारण साधं आहे, इकडची बरीच मांजरं अजून अर्धी घरात अर्धी परड्यात राहतात, त्यांना ट्रे माहीतच नसतो, परड्यातली भुसभुशीत माती, कुणाच्या तरी बांधकामाची वाळू, बंबाची गार झालेली राख हीच त्यांची जागा. जून लागला की खानापूरच्या बाजूला दिवसचे दिवस पाऊस उघडत नाही, परड्यात चिखल होतो, राख भिजते, मग मांजर कोरडं आणि मऊ काय मिळतं ते घरातच शोधतं. अशा घरात मे महिन्यातच एक पसरट ट्रे आत ठेवून त्यात कोरडी वाळू किंवा त्याच परड्यातली माती घालावी, ओळखीचा वास आणि पायाला ओळखीची माती असली की बरीच मांजरं पटकन शिकतात.

आधी बघायचं ते मांजर बसून करतंय की उभं राहून. उभं राहून, शेपूट ताठ करून थरथरवत भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर थोडीशी पिचकारी मारली तर ती हद्दीची खूण. नसबंदी न केलेले बोके हे जास्त करतात, पण भाटीसुद्धा करते. नसबंदीनं बहुतेक बोक्यांचं हे थांबतं, साधारण दहातला एखादा तरीही चालू ठेवतो. खिडकीबाहेर दुसरा बोका येऊन बसत असेल तर ती खिडकी झाकली तरी फरक पडतो.

बसून, आडव्या जागेवर, भरपूर लघवी केली तर ते वेगळं, आणि इथं पहिलं काम डॉक्टरचं. मूत्राशयाला सूज, खडे, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, यातलं काहीही असू शकतं. म्हातारं मांजर असेल तर सांधे दुखत असल्यानं ट्रेचा उंच काठ चढवत नाही. लघवीला आग झाली की मांजर तो त्रास ट्रेशी जोडतं आणि ट्रेच टाळतं. तरुण मांजरांत जी मूत्राशयाची सूज दिसते तिच्यात बरेचदा जंतू सापडतच नाहीत, ताण हे तिचं मोठं कारण समजलं जातं. आपल्याकडं गणपतीच्या तोंडावर घराला रंग, सामान इकडचं तिकडं, पुण्यामुंबईचे पाहुणे, मग ढोल आणि फटाके, हे सगळं एकदम येतं. त्या दिवसांत मांजराला एक बंद शांत खोली, तिथंच पाणी आणि तिथंच ट्रे दिला पाहिजे.

बोका परत परत बसतोय, कण्हतोय, खालची जागा चाटतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती खड्यानं किंवा चिकट बुचानं बंद झाली की रक्तात पोटॅशियम वाढतं, त्याचा हृदयावर परिणाम होतो, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं पोट साफ होईना म्हणून बसतोय आणि ते एरंडेल पाजतात, तेवढ्यात महत्त्वाचे तास जातात. गावात गुरांचा डॉक्टर असतो, पण नळी घालून लघवी काढायची सोय सगळीकडं नसते, म्हणून आधी फोन करून विचारावं आणि बेळगाव किंवा निपाणीकडून कोल्हापूर, जे जवळ पडेल ते गाठावं. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीच देऊ नये, ती मांजराला विष आहे.

आजार नाही असं ठरलं की ट्रेकडं वळायचं. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, ट्रेची लांबी मांजराच्या दीडपट, वासाचं लिटर नको, रोज उपसायचं, जेवणाच्या वाटीपासून लांब आणि वॉशिंग मशीनच्या शेजारी तर नकोच.

पुसताना फिनेल वापरतात ते बंद करायला पाहिजे, त्यातले फिनॉलचे प्रकार मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि पंजे चाटताना ते पोटात जातात. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू होतो. लघवीचा वास नुसत्या पाण्यानं सहज निघत नाही, हवा दमट झाली की तो परत उठतो, म्हणून उन्हाळ्यात पुसून गेलेली जागा बेळगावच्या पावसात पुन्हा घमघमते आणि मांजर परत तिथंच जातं. एन्झाइमवालं, म्हणजे लघवीतले वासाचे घटक तोडणारं, क्लीनर भरपूर ओतून मुरू द्यायचं, आपोआप वाळू द्यायचं. जुने डाग सापडत नसतील तर अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला की ते चमकतात.

नाक घासणं, मारणं यानं मांजर फक्त माणसाला घाबरतं आणि लपून करायला लागतं. ते सूड उगवायलंय असं बऱ्याच घरांत ठामपणे बोललं जातं, आणि त्यातूनच पोत्यात घालून लांब नेऊन सोडायची वाईट पद्धत चालू आहे. अनोळखी हद्दीत सोडलेल्या मांजराला तिथले बोके आणि कुत्री टिकू देत नाहीत, त्यात ते दुखण्यानं मुतत असेल तर आजारी जीव रस्त्यावर टाकल्यासारखं होतं.

मांजर एकाच कोपऱ्यात जात असेल तर ट्रे आधी त्याच कोपऱ्यात ठेवावा, कपड्यावरच करायची सवय लागली असेल तर ट्रेत जुना पंचा अंथरून वर थोडी माती पसरावी, मग पंचा हळूहळू छोटा करत माती वाढवावी. आठवडाभर तिथं नीट वापरला की मग ट्रे रोज वीतभर सरकवत आपल्याला हव्या त्या जागी न्यायचा.