सल्फोनामाइडे, प्रतिष्ठापित ॲरोमॅटिक

ॲरोमॅटिक (बेंझिनसारख्या) वलयाला सल्फोनामाइड गट थेट जोडलेली संयुगे. या गटातील गंधकाच्या अणूला ऑक्सिजनचे दोन आणि नायट्रोजनचा एक अणू जोडलेला असतो. चौथा बंध वलयाच्या कार्बनशी असतो, म्हणून गंधकाभोवतीची मांडणी चतुष्फलकी असते. वलयावरचा किंवा नायट्रोजनवरचा हायड्रोजन काढून तेथे दुसरा गट बसवला की प्रतिष्ठापित सल्फोनामाइड तयार होते. कोणता गट कोठे बसला, यावर रेणूचे औषधी काम ठरते.

जंतुरोधक ‘सल्फा’ औषधांचा मूळ रेणू सल्फानिलामाइड. रसायनशास्त्रज्ञ पाउल गेल्मो यांनी तो १९०८ साली व्हिएन्नात बनवला. त्यात सल्फोनामाइडसमोर, म्हणजे पॅरा स्थानी, ॲमिनो गट असतो. या रेणूची लांबी सुमारे ०.६९ नॅनोमीटर, तर जंतूंना फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) बनवण्यासाठी लागणाऱ्या पॅरा-ॲमिनोबेंझॉइक आम्लाची ०.६७. या साम्यामुळे जंतूचे एंझाइम फसते आणि फोलेट तयार होणे थांबते. माणूस फोलेट अन्नातून घेतो, म्हणून त्याला ही झळ बसत नाही. पॅरा ॲमिनो गट मात्र मोकळा हवा, किंवा शरीरात मोकळा होणारा तरी.

सुधारणा झाली ती प्रामुख्याने सल्फोनामाइडच्या नायट्रोजनवर. तेथे पिरिमिडीन वलय बसवल्यावर सल्फाडायझीन मिळाले आणि पीकेए (आम्लतेचा अंक; तो जितका कमी तितका रेणू अधिक आम्लधर्मी) सुमारे १०.४ वरून ६.५ वर आला. रक्तात असा रेणू बराचसा आयनरूपात राहतो. त्याची जंतुरोधक शक्ती वाढते आणि तो लघवीतही अधिक विरघळतो. तरीही लघवी दाट झाली तर स्फटिक धरू शकतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, घामाने पाणी जाते. तेव्हा या गोळ्यांबरोबर भरपूर पाणी पिण्याची सूचना विशेष काटेकोरपणे पाळावी लागते.

या औषधांचा उगम रंगांच्या रसायनशास्त्रात आहे, आणि चादरी-टॉवेलांच्या सोलापूरला तो दुवा परका वाटू नये. जर्मन शास्त्रज्ञ गेऱ्हार्ड डोमाक यांनी १९३५ साली जाहीर केलेले प्रॉन्टोसिल हा तांबडा अझो रंग, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंमधील दुहेरी बंध असलेला रंग, होता. परीक्षानळीतल्या जंतूंवर तो निष्प्रभ ठरे. शरीरात अझो बंध तुटून सल्फानिलामाइड सुटते व तेच काम करते, हे त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडले. अझो बंध तुटून ॲरोमॅटिक अमाइन सुटणे हीच क्रिया कापडाच्या काही रंगांत घातक ठरते: बेंझिडिनसारखी कर्करोगकारक अमाइने सोडणाऱ्या रंगांवर जर्मनीने १९९० च्या दशकात बंदी घातली. क्रिया तीच, सुटणारा रेणू वेगळा, म्हणून एकीकडे औषध आणि दुसरीकडे विष.

प्रयोगशाळेत ॲसिटॅनिलाइडवर क्लोरोसल्फॉनिक आम्लाची विक्रिया करतात, मिळालेल्या सल्फोनिल क्लोराइडला अमोनिया किंवा योग्य अमाइन जोडतात आणि शेवटी ॲसिटिल गट काढतात. क्लोरोसल्फॉनिक आम्ल पाण्याशी उग्रपणे विक्रिया करते, तेव्हा भांडी पूर्ण कोरडी हवीत. मोकळा ॲमिनो गट ओळखण्यासाठी सोडियम नायट्राइट व हायड्रोक्लोरिक आम्लाने डायझोटीकरण (ॲमिनो गटाचे डायझोनियम क्षारात रूपांतर) करतात. तापमान ०° ते ५° से. ठेवावे लागते, त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात बर्फ हाताशी ठेवूनच प्रयोग सुरू करावा.

पॅरा ॲमिनो गट नसलेली सल्फोनामाइडे वेगळीच कामे करतात. काचबिंदूवरील औषध ॲसिटाझोलामाइड याचा सल्फोनामाइड नायट्रोजन प्रोटॉन सोडून कार्बॉनिक ॲनहायड्रेज एंझाइममधील जस्ताला धरतो. त्यासाठी या नायट्रोजनवर दुसरा गट नसावा लागतो, म्हणजे सल्फाडायझीनच्या बरोबर उलट. लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड व वेदनाशामक सेलेकॉक्सिब याच कुळातले. सल्फा जंतुरोधकांच्या ॲलर्जीत पॅरा स्थानच्या ॲमिनो गटापासून बनणाऱ्या चयापचयी पदार्थांचा मोठा वाटा असतो. त्यामुळे अशा रुग्णाला फ्युरोसेमाइडही बाधेलच असे मानायला रचनेत आधार नाही. रुग्णाच्या कागदावर नुसते ‘सल्फा ॲलर्जी’ न लिहिता बाधलेल्या औषधाचे पूर्ण नाव लिहिणे त्यासाठीच गरजेचे आहे.