आफ्रिकी मॅनेटी आणि तिच्या अडवलेल्या नद्या

मॅनेटी हा पाण्यातच राहणारा मोठा सस्तन प्राणी. मराठीत तिला समुद्रगाय म्हणतात. तिची नातलग असलेल्या डुगाँगलाही समुद्रगाय म्हणतात, आणि स्टेलर या निसर्ग-अभ्यासकाने वर्णन केलेल्या, अठराव्या शतकात माणसाने संपवलेल्या प्राण्यालाही तेच नाव आहे. कच्छच्या आखातातल्या किंवा अंदमानच्या डुगाँगला ते शोभतं, कारण ती खाऱ्या पाण्यातच राहते. आफ्रिकी मॅनेटीच्या बाबतीत मात्र या शब्दाने घोळ घातला आहे. मालीमध्ये नायजर नदी सहाराच्या कडेला टेकते, तिथे मॅनेटी आहे, आणि नदीच्या वाटेने समुद्र तिथून दोन हजार किलोमीटरहून लांब आहे. चाडला समुद्रकिनाराच नाही, तरी तिथल्या लेरे सरोवरात ती चरते.

शास्त्रीय नावाचाही गुंता आहेच. ट्रायकेकस सेनेगॅलेन्सिस हे नाव १७९५ मध्ये पडलं. त्यातला पहिला शब्द काही काळ वॉलरससाठीही वापरात होता, दुसरा सेनेगलवरून आला. पुढे बराच काळ तिला ‘पश्चिम आफ्रिकी मॅनेटी’ म्हणत. अलीकडे अभ्यासकांनी ‘पश्चिम’ गाळला, आणि ते योग्यच झालं. कॅमेरून, गॅबन, दोन्ही काँगो आणि अंगोला या देशांतही ती आहे. मॉरिटानियाच्या दक्षिण टोकापासून अंगोलापर्यंत एकूण २१ देश तिच्या वाट्याला येतात. हौसा भाषेत तिला ‘आयू’ म्हणतात. त्या शब्दात ना समुद्र आहे ना गाय.

नावावर एवढं लिहायचं कारण असं, की प्राण्याचं नाव जिकडे बोट दाखवतं तिकडेच आपण त्याचं दुखणं शोधतो. समुद्रगाय म्हटलं की ट्रॉलर, तेलगळती, प्लास्टिक डोळ्यांपुढे येतं. ते धोके खोटे नाहीत, पण या प्राण्याचं गेल्या ऐंशी वर्षांतलं नुकसान समजून घ्यायचं तर नदीकडे पाहावं लागतं.

मॅनेटीचं वर्ष पावसावर चालतं. पूर आला की ती मुख्य पात्र सोडून बुडालेल्या गवताळ रानात, भातखाचरांच्या कडेला, पाण्यात उभ्या जंगलात पसरते आणि भरपूर खाऊन घेते. पाणी उतरू लागलं की खोल डोहांत आणि सरोवरांत परतते. किनाऱ्यावरच्या खाड्यांत आणि खारफुटीत राहणाऱ्या मॅनेटीलाही गोडं पाणी लागतंच. दक्षिण सेनेगलमध्ये कासामान्स नदीच्या मुखाजवळ पॉइंट सेंट जॉर्ज नावाची जागा आहे. तिथे खाऱ्या पाण्याच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात आणि मॅनेटी ते पाणी प्यायला तिथे जमतात. काठावरून पाहणाऱ्याला दिसतात त्या फक्त दोन नाकपुड्या. त्या झडपेसारख्या उघडतात, श्वास आत जातो, पुन्हा मिटतात, आणि तीन मीटरचं, चारपाचशे किलोंपर्यंत भरणारं धूड आवाज न करता खाली जातं. जिथे शिकार होते तिथे तर ती रात्रीचीच चरते.

आता धरणांकडे वळू. मालीत नायजरवर मार्काला बंधारा १९४७ मध्ये झाला. घानात व्होल्टावर अकोसोम्बो १९६५ मध्ये उभं राहिलं, नायजेरियात कैंजी १९६८ मध्ये. सेनेगल नदीच्या मुखाजवळ दियामा १९८६ मध्ये आणि तिच्या वरच्या अंगाला, मालीत, मानांताली १९८८ मध्ये. देशांना वीज हवी होती, शेतीला पाणी हवं होतं, आणि दियामाचं तर मुख्य कामच समुद्राचं खारं पाणी नदीत वर चढू न देणं हे होतं. त्या गरजा खऱ्या होत्या. पण यातल्या एकाही भिंतीत मॅनेटीला जाण्यायेण्याची वाट ठेवली गेली नाही. अकोसोम्बोमागे तयार झालेल्या व्होल्टा सरोवरातल्या मॅनेटी वर अडकल्या, कैंजीच्या वरच्या अंगाला असलेल्या मॅनेटी समुद्रापासून तुटल्या. मॅनेटीची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, वर्षभर पोटात वाढवते आणि पुढे दीडदोन वर्षं सांभाळते. अशा प्राण्याच्या वस्तीचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा आपापला झिजत जातो.

मोठ्या धरणांइतकेच घातक ठरले ते लहान बंधारे. सेनेगलच्या मातम भागात शेतीसाठी घातलेल्या बांधांमागे पुराच्या पाण्याबरोबर मॅनेटी शिरतात. पाणी उतरलं की परतीची वाट बंद, आणि डोह रोज थोडा आटत जातो. २००९ च्या जानेवारीत अशा अडकलेल्या मॅनेटींना जाळ्यांनी पकडून, माणसांनी उचलून मुख्य नदीत सोडण्यात आलं. काहींना उपग्रहाशी जोडलेली यंत्रंही बांधली गेली. आफ्रिकी मॅनेटीचा असा माग पहिल्यांदाच काढला जात होता. धरणांचं युग सुरू होऊन तोवर साठेक वर्षं उलटली होती.

शिकार त्याहून जुनी आहे. भाला, जाळं, कसाव्याच्या सालींचं आमिष लावलेले लाकडी पिंजरे. मांस खाण्यासाठी, तेल कानदुखीवर आणि सांधेदुखीवर. दुसऱ्या बाजूला मामी वाटा या जलदेवतेशी तिचं नातं जोडणाऱ्या आणि तिला हात न लावणाऱ्या वस्त्याही आहेत. १९६८ च्या आफ्रिकी निसर्गसंरक्षण कराराने तिला सर्वांत वरच्या वर्गात घातलं. आज ती राहते त्या सर्व देशांत तिला मारणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तरी बाजारात तिचं मांस मिळतं.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराने तिला आधी दुसऱ्या यादीत, म्हणजे परवान्याने व्यापार चालतो अशा यादीत, ठेवलं होतं. अमेरिकेतल्या तिच्या बहिणी पहिल्या यादीत, हीच तेवढी दुसरीत, असं कित्येक वर्षं चाललं. २०१३ मध्ये बँकॉकच्या बैठकीत तिला पहिल्या, म्हणजे व्यापारी देवघेव बंद असलेल्या, यादीत आणलं. निर्णय चांगलाच होता, पण हा करार सीमेपलीकडचा व्यापार रोखतो. गावातल्या बाजारात विकलं जाणारं मांस सीमा ओलांडत नाही आणि बांधामागे आटणारा डोह तर व्यापारच नव्हे.

कोळ्यांची बाजूही ऐकायला हवी. सिएरा लिओनमधले कोळी कित्येक वर्षं सांगत होते, की मॅनेटी भाताची नासाडी करते आणि जाळ्यातले मासेही खाते. पुस्तकांत मात्र ती शुद्ध शाकाहारी होती, म्हणून हे बोलणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे तिच्या ऊतींतल्या रासायनिक खुणा तपासल्यावर काही ठिकाणच्या मॅनेटींच्या आहारात शिंपले आणि मासे असल्याचं दिसलं. ज्या माणसाचं जाळं फाटतं त्याला खोटं ठरवून त्याच्याकडूनच संरक्षणाची अपेक्षा ठेवणं, ही मोठी चूक होती.

सगळ्यात ताजं प्रकरण कॅमेरूनच्या ओसा सरोवराचं. सानागा नदीला जोडलेलं हे सरोवर मॅनेटीचं नावाजलेलं आश्रयस्थान. गेल्या दशकात तिथे साल्विनिया हे तरंगतं नेचे पसरलं. आपल्याकडच्या जलपर्णीसारखंच त्याचं जाड पांघरूण होतं. ऊन खाली जात नाही, पाण्यातली झाडं मरतात, होडी हलत नाही, श्वासाला वर येणारा प्राणी अडतो. याच वनस्पतीला केरळात ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, जरी ती मुळची ब्राझीलची. केरळात १९८० च्या दशकात तिच्यावर जो बारीक भुंगा सोडला होता, तोच भुंगा कॅमेरूनमध्ये आणून वाढवला गेला आणि सरोवरात सोडला गेला. भुंगा फक्त साल्विनियाच खातो. काही वर्षांत पांघरूण विरलं, पाणी उघडं पडलं, आणि कोळ्यांच्या होड्या पुन्हा सरोवरात जाऊ लागल्या.